गोल्फच्या पहिल्या राउंडला नवख्याला नेताना

"एकदा आम्हालाही घेऊन चल की तुझ्या गोल्फला," असं मेहुणा म्हणतो, ऑफिसातला मित्र म्हणतो, कधी घरातलंच कोणी म्हणतं. आपण उत्साहाने हो म्हणतो आणि रविवारी सकाळी त्याला आपल्या नेहमीच्या चौकडीत नेऊन उभं करतो. पुढचं सगळं ठरलेलं असतं. पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, मागे आठ जण खोळंबलेले. पाहुण्याचा बॉल दहा फूट जातो. "मान वर केलीस", "हात सरळ ठेव", "जोर कशाला लावतोस" असे तिघांचे तीन सल्ले मिळतात, चौथा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, देतो. चौथ्या होलपर्यंत, म्हणजे मैदानाच्या चौथ्या टप्प्यापर्यंत, त्याला घाम फुटलेला असतो. "मस्त आहे हं खेळ" असं म्हणून तो घरी जातो आणि परत कधी विषय काढत नाही.

पहिल्या राउंडला नवख्याला गोल्फ शिकवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्विंग, म्हणजे काठी फिरवायची पद्धत, एका दिवसात येत नाही आणि कोर्सवर, म्हणजे प्रत्यक्ष मैदानावर, तर नाहीच नाही. त्या दिवशी त्याला तीनच गोष्टी कळल्या तरी चालतं: उभं कुठे राहायचं, मारायचं कधी आणि बॉल उचलून खिशात कधी टाकायचा. बाकीचं सगळं नेणाऱ्याने आधी ठरवून ठेवायचं. म्हणून हा लेख मुख्यतः नेणाऱ्यासाठी आहे. पण जाणाऱ्यालाही आदल्या रात्री वाचायला द्या, त्याचं कुठे अडू नये अशा बेताने लिहिला आहे.

आधी रेंज, मग कोर्स

ज्याने आयुष्यात कधी बॉल मारलेला नाही त्याला थेट कोर्सवर नेऊ नका. आधी दोन-तीनदा ड्रायव्हिंग रेंजवर न्या. तिथे एका जागी उभं राहून बादलीभर बॉल मारायचे असतात, मागे कोणी ताटकळत नाही आणि बॉल शोधायला जावं लागत नाही. जमलं तर पहिला अर्धा तास क्लबच्या कोचबरोबर ठेवा. काठी धरायची कशी आणि उभं राहायचं कसं, एवढं त्यांच्याकडून झालं की तुम्ही सुटलात.

हातात सेव्हन आयर्न द्या, म्हणजे मध्यम पल्ल्याची काठी. टीव्हीवर बघितलेलं असतं म्हणून तो ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायची काठी, मागेल, पण देऊ नका. ड्रायव्हरच्या तोंडाला कल असतो जेमतेम दहा-अकरा अंशांचा, सेव्हन आयर्नला तीसच्या आसपास किंवा थोडा जास्त. कल कमी असला की बॉलला आडवी फिरकी जास्त लागते. त्यात ड्रायव्हरचा दांडा सगळ्यांत लांब. सेव्हन आयर्नने वाकडा मारलेला बॉल फार तर फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला जातो, ड्रायव्हरने मारलेला शेजारच्या होलवर खेळणाऱ्यांच्या अंगावर.

अर्धी बादली संपली की बाकीचे बॉल सोडून त्याला पुटिंग ग्रीनवर, म्हणजे बॉल हलकेच होलमध्ये ढकलायचा सराव करतात तिथे, घेऊन जा. हे कोणी करत नाही, कारण रेंजवर लांब मारण्यात जी मजा आहे ती पुटिंगमध्ये दिसत नाही. पण पहिल्याच दिवशी आपल्या तोडीचं काही जमण्याची शक्यता असेल तर ती इथेच असते. तीन फुटांवरून बॉल होलमध्ये घालायला ताकद लागत नाही आणि वयही आड येत नाही.

कोर्सवर न्यायला तो तयार झाला हे कसं ओळखायचं? दहांतले निम्मे बॉल जमिनीवरून उठून साधारण समोर जायला लागले की पुरे. सरळ जायची वाट बघत बसलात तर वर्ष जाईल.

वार, वेळ आणि जागा

रविवारची सकाळ विसरा. शनिवारचीही. कामाच्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनची वेळ मागा आणि फक्त नऊ होल खेळा. सवयीच्या चौघांना अठरा होलना चार ते साडेचार तास लागतात. नवखा बरोबर असेल तर तेच अठरा होल सहा तासांकडे सरकतात आणि बाराव्या होलनंतर तो नुसता चालत असतो. नऊ होल तीन तासांच्या आत होतात आणि "आणखी खेळलो असतो" अशा मनःस्थितीत तो बाहेर पडतो. सोमवारी बऱ्याच क्लबांमध्ये देखभालीसाठी कोर्स बंद असतो, तेव्हा आधी फोन करा.

फोनवर आणखी तीन प्रश्न विचारा. पाहुण्याला हँडिकॅपचं, म्हणजे खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचं, प्रमाणपत्र लागतं का? काही ठिकाणी त्याशिवाय कोर्सवर सोडत नाहीत. भाड्याने सेट मिळतो का? आणि पाहुण्याची फी किती? पुण्यात येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, ताडदेवचा विलिंग्डन, कुलाब्याला समुद्राला लागून असलेला यूएस क्लब, ही सगळी सभासदांची ठिकाणं. पाहुण्याने सभासदाचं बोट धरूनच आत जायचं. खारघरला पांडवकड्याच्या धबधब्याजवळ सिडकोने बांधलेला कोर्स आहे. मुंबई-नवी मुंबईकडच्यांनी तिथेही चौकशी करावी.

किती जणांनी जायचं? दोघे उत्तम, तिघे चालतील. तिसरा घ्यायचाच तर शांत स्वभावाचा घ्या. स्वतःचा स्कोअर बिघडला की काठी आपटणारा मित्र त्या दिवशी नको.

जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा. ओल्या जमिनीवर बॉल घरंगळत नाही, जिथे पडतो तिथेच रुततो आणि वाढलेल्या रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या गवतात) पायाखाली असला तरी दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर पहाटेची पहिली वेळ घ्या.

अंगावर काय, बॅगेत काय

कॉलरचा टी-शर्ट, साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची नेटकी हाफ पँट, टोपी. जीन्स आणि गोल गळ्याचा टी-शर्ट बहुतेक क्लबांत चालत नाही. हे आधी सांगितलं नाही तर दारातच ओशाळायची पाळी येते, आणि ती त्याच्यावर नाही, तुमच्यावर यायला हवी. बूट नेहमीचे स्पोर्ट्सचे चालतात, फक्त तळवा गुळगुळीत नको. उजव्या हाताने खेळणाऱ्याला ग्लोव्ह डाव्या हाताचा लागतो. डावखुरा असेल तर आठवडाभर आधीच सेटची चौकशी करा, कारण डावखुऱ्यांचे सेट भाड्याने मिळायला मारामार असते.

नियमाने बॅगेत चौदा काठ्या ठेवता येतात. नवख्याला पाच खूप झाल्या: एक हायब्रिड (लांब मारायला), सेव्हन आयर्न, पिचिंग वेज (जवळून उंच मारायला), सँड वेज (वाळूतून काढायला) आणि पटर (होलमध्ये ढकलायला). काठ्या जेवढ्या जास्त, तेवढा "आता कोणती?" हा प्रश्न जास्त वेळा येतो.

बॉल जुने घ्या, दहा-बारा. कोर्सवर सापडलेले बॉल पुसून विकणारे बहुतेक ठिकाणी भेटतात. नवा कोरा महागडा बॉल नवख्याला दिलात तर त्याचं सगळं लक्ष तो हरवू नये याकडे राहील. आणि हरवणारच आहे. दोन बॉल त्याच्या खिशात असू द्या, सगळे बॅगेत नकोत. खिशात पाच-सहा टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या, यांनाही टीच म्हणतात) आणि एक रुपयाचं नाणंही. नाण्याचं काम पुढे ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, येतं.

कॅडीशी दोन शब्द

आपल्याकडे बहुतेक क्लबांत कॅडी मिळतो, नव्हे घ्यावाच लागतो, आणि नवख्यासाठी ही मोठी सोय आहे. पण राउंड सुरू व्हायच्या आधी त्याला बाजूला घेऊन बोला. "दादा, पाहुणे पहिल्यांदाच खेळतायत. तुम्ही बॉलवर नजर ठेवा, पुढची दिशा सांगा, बंकरमधली वाळू सारखी करा. स्विंगचं मात्र काही बोलू नका, ते मी बघतो."

हे सांगावं लागतं, कारण कॅडी मनाने चांगले असतात. समोरचा माणूस चुकतोय हे त्यांना बघवत नाही. "साहेब, मान खाली" हे त्यांच्या तोंडून आपोआप निघतं. आणि त्यांना खेळ कळतो, यात शंकाच नाही. १९९१ साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणूनच मोठा झाला होता. पण सल्ला बरोबर असला तरी दोन तोंडांनी आला की ऐकणारा गोंधळतो. त्या दिवशी एकच आवाज असू द्या.

पाहुण्याची कॅडीशी नावानिशी ओळख करून द्या. आणि दर कितीचा, टिप साधारण किती, हेही त्याला आधीच कानात सांगून ठेवा, म्हणजे शेवटी खिसे चाचपत उभं राहायला नको.

त्या दिवसापुरते नियम

नियम पहिल्या टीवर सांगू नका, गाडीत सांगा. सुरुवात पार म्हणजे काय इथून करा. प्रत्येक होलला एक आकडा असतो, ३, ४ किंवा ५. चांगल्या खेळाडूने तेवढ्या फटक्यांत बॉल होलमध्ये घालणं अपेक्षित असतं. अठरा होलची बेरीज बहुधा ७२ च्या आसपास येते. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. त्या दिवशी एवढी शब्दसंपत्ती पुरते.

मग सवलती सांगा. माझ्या यादीतल्या या:

पारच्या दुप्पट फटके झाले की बॉल उचलायचा. पार चारच्या होलवर आठ झाले, संपलं, पुढच्या होलवर चला. यात कमीपणा काही नाही. २०१९ साली बदललेल्या नियमावलीत 'मॅक्झिमम स्कोअर' नावाचा रीतसर प्रकार आहे, त्यातही प्रत्येक होलच्या आकड्याला अशीच मर्यादा घालतात.

फेअरवेवर बॉल हाताने उचलून चांगल्या गवतावर ठेवायला हरकत नाही. वाटलं तर टीवर ठेवून मारा.

बॉल हरवला, पाण्यात गेला, पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर गेला, तर जिथून दिसेनासा झाला त्याच्या आसपास दुसरा टाका आणि खेळा. दंडबिंड काही नाही.

बंकरमधून दोन प्रयत्न. नाही निघाला तर हाताने बाहेर फेका.

हवेतच फिरलेली काठी मोजायची नाही. खऱ्या नियमात मारायच्या इराद्याने फिरवलेली काठी बॉलला लागली नाही तरी तो फटका धरतात, हे त्याला सांगून ठेवा. मारण्याआधी चुकून धक्का लागून टीवरून बॉल पडला तर मात्र खऱ्या नियमातही काही नाही, परत ठेवायचा.

या सवलती त्याच्यासाठी. तुमचा बॉल तुम्ही नियमानेच खेळा. त्याला खरा खेळ कसा दिसतो हेही कळायला हवं, आणि "सगळेच असं करतात" असा समज व्हायला नको. एका स्ट्रोकची, म्हणजे फटक्याची, किंमत विचारलीच तर टोकियो ऑलिम्पिकचं उदाहरण द्या. ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी गोल्फचा गही माहीत नसलेली घरं अदिती अशोकसाठी टीव्हीपुढे बसली होती. तिचं पदक एका स्ट्रोकने हुकलं, ती चौथी आली. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने सोनं जिंकलं, त्यामुळे ती सकाळ लोक विसरले.

मोजणं अजिबातच नको असेल तर स्क्रॅम्बल खेळा. दोघांनी मारायचं, ज्याचा बॉल बऱ्या जागी पडला असेल तिथून दोघांनीही पुढचा फटका मारायचा. असं होलपर्यंत. नवरा-बायको किंवा बाप-लेक खेळायला निघाले असतील तर मी हेच सुचवीन. नवख्याचा एखादा पुट तुमच्यापेक्षा सरस पडतोच, आणि त्या होलवर 'आपण त्याचा बॉल घेतला' हे त्याला दिवसभर पुरतं.

पहिला टी

सगळ्यांत अवघड जागा हीच. स्टार्टरच्या (पाळीने ग्रुप सोडणाऱ्याच्या) खोलीबाहेर बाकावर चार जण चहा पीत बसलेले असतात, कॅडी रांगेने उभे असतात, आणि सगळे बघतायत असं वाटतं. खरं म्हणजे कोणी बघत नसतं, पण हे त्याला सांगून पटणार नाही. मागे एखादा ग्रुप तयार असेल तर "तुम्ही व्हा पुढे" म्हणून त्यांना जाऊ द्या. पाच-सात मिनिटं जातील, पण मागचा श्वास मानेवर नसेल.

आधी तुम्ही मारा, तेही शांतपणे, लांब मारायच्या फंदात न पडता. मग त्याला पुढच्या टीवर घेऊन जा. प्रत्येक होलला मारायच्या जागा मागे-पुढे अशा तीन-चार असतात, रंगीत खुणांनी दाखवलेल्या. सगळ्यांत पुढची, बहुधा लाल खुणांची, त्याची. खूपच अवघड जात असेल तर पार ४ आणि पार ५ ला टी सोडूनच द्या आणि ग्रीनपासून १५० यार्डांच्या खुणेजवळून त्याला सुरू करू द्या. लोक याला नाक मुरडतात. मला त्यात काही गैर दिसत नाही.

सेव्हन आयर्नसाठी टी जवळजवळ पूर्ण जमिनीत खोचा, बॉल गवताच्या जेमतेम वर राहील इतपत. एकदा नुसती काठी फिरवू द्या, मग मारू द्या. बॉल वीस यार्ड घरंगळला तर "चला" एवढंच म्हणा आणि चालायला लागा. "काही हरकत नाही, होतं असं, पहिलाच आहे, माझंही व्हायचं" ही लांबलचक समजूत नको. तिच्यामुळेच चूक मोठी वाटायला लागते. दुसरा बॉल पुन्हा टीवरून मारू द्यायचा मोह होतो. मागे कोणी नसेल तरच द्या.

उभं कुठे राहायचं

इथे मात्र सूट नाही. बाकी सगळं सोडून दिलंत तरी चालेल, हे पक्कं झालंच पाहिजे. ४६ ग्रॅमला जरासा कमी असा हा बॉल कडक असतो, आणि नवख्याने मारलेला असला तरी लागला तर डोळा जाऊ शकतो.

मारणाऱ्याच्या पुढे कोणी नको, तिरक्या रेषेतही नको. चांगला लागलेला बॉल समोर जातो हे सगळ्यांना माहीत असतं. काठीच्या टाचेला लागलेला बॉल उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडे काटकोनाच्या जवळपास सुटतो, हे नवख्याला माहीत नसतं. म्हणून उभं राहायची जागा एकच: मारणाऱ्याच्या छातीसमोर, बॉलच्या रेषेपासून किंचित मागे, पाच-सहा पावलं लांब. तिथून तो तुम्हाला दिसतो, तुम्ही त्याला दिसता. त्याच्या पाठीमागे उभं राहू नका, काठी मागे येते तेव्हा त्याला काही दिसत नसतं. सरावाची काठी फिरवताना आजूबाजूला कोणी नाही हे बघायची सवय त्याला पहिल्या होललाच लावा. डोकी फुटतात ती अशा रिकाम्या फिरवण्यातही.

पुढचा ग्रुप टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मारायचं नाही. "माझा काय तिथपर्यंत जातोय" असं तो म्हणेल, आणि नेमका त्याच वेळी आयुष्यातला सगळ्यांत चांगला फटका लागेल. गवत काढणाऱ्या बाया, पाणी देणारे माळी कामात वाकलेले असतात. त्यांनी वर बघून बाजूला सरकेपर्यंत थांबा, हाक मारा, हात करा. त्यांच्याकडे हेल्मेट नसतं आणि आपला खेळ हे त्यांच्या कामाच्या मध्ये येणारं लचांड असतं, हे लक्षात असू द्या.

बॉल कोणाच्या दिशेने गेला की मोठ्याने "फोर!" ओरडायचं. लाजायचं नाही, बेंबीच्या देठापासून ओरडायचं. आणि दुसऱ्या कोणाचं "फोर!" ऐकू आलं तर वर बघायचं नाही. पाठ करून, डोकं दोन्ही हातांत घेऊन वाकायचं. हे त्याच्याकडून एकदा करून घ्या.

मागच्यांना खोळंबवू नका

वाईट खेळणाऱ्यावर कोणी चिडत नाही, हळू खेळणाऱ्यावर चिडतात. नवख्याला हे कळलं की त्याच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं, कारण वेग त्याच्या हातात असतो.

ज्याची तयारी झाली त्याने मारायचं. होलपासून लांब असलेल्याने आधी मारायचं हा जुना शिरस्ता, पण साध्या राउंडला आता नियमावलीच 'तयार असाल तर मारा' असं सांगते. पाळी आल्यापासून चाळीस सेकंदांत फटका व्हावा अशीही तिची सूचना आहे. नवख्यासाठी याचा अर्थ असा: एक सरावाची काठी, मग फटका. चार-चार वेळा काठी फिरवून बॉलकडे बघत विचार करणं नको. विचार चालताना करायचा.

बॉलकडे जाताना हातात दोन काठ्या असू द्या, म्हणजे बॅगेकडे परत खेप नको. बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळायची. नवख्याच्या जुन्या बॉलला एक मिनिट पुष्कळ. कावळ्याने किंवा घारीने उचलून नेला, आणि आपल्याकडे नेतात, तर नियमानेही दंड नाही. होता त्या जागी दुसरा ठेवायचा.

मागचा ग्रुप प्रत्येक फटक्याला थांबतोय असं दिसलं तर कडेला व्हा आणि हात करून त्यांना पुढे जाऊ द्या. यासाठी सगळ्यांत सोयीची जागा पार ३ चा टी किंवा ग्रीनवरून उतरल्यावर पुढचा टी.

बंकर

वाळूत शिरायचं ते उथळ कडेने, उंच काठावरून उडी मारून नाही. मारण्याआधी काठी वाळूला टेकवायची नाही, सरावाच्या फिरवण्यातही वाळूला लावायची नाही. सँड वेजने बॉलच्या दोन बोटं मागे वाळूत मारायचं, म्हणजे वाळूच बॉलला बाहेर काढते. कोर्सवर स्विंगबद्दल बोलू नका असं म्हटलं खरं, पण एवढं सांगावंच लागतं, नाहीतर तो बॉलच्या डोक्यात मारत राहतो. नंतर दाताळ्याने पाऊलखुणा मिटवायच्या. कॅडी मिटवतोच, पण एकदा पाहुण्यालाही मिटवू द्या.

ग्रीन

ग्रीनवर बॅग, ट्रॉली न्यायची नाही, पळायचं नाही, बूट घासत चालायचं नाही. बॅग पुढच्या टीच्या बाजूला ठेवली की नंतर उलटं चालावं लागत नाही.

प्रत्येकाच्या बॉलपासून होलपर्यंत एक न दिसणारी रेषा असते, तिच्यावर पाय द्यायचा नाही. ओलांडून जायचं. दुसऱ्याच्या वाटेत आपला बॉल येत असेल तर त्याच्या मागे ते रुपयाचं नाणं ठेवायचं, मग बॉल उचलायचा. परत ठेवताना आधी बॉल ठेवायचा, मग नाणं उचलायचं. नवखे हमखास आधी नाणं उचलतात. झेंडा होलमध्ये असतानाच पुट करायलाही आता परवानगी आहे, तेव्हा नवख्यासाठी तो काढूच नका. लांबून होल दिसतं आणि काढ-घाल वाचते.

उंचावरून पडलेल्या बॉलने ग्रीनवर खळगा होतो. तो बुजवायचा कसा ते दाखवा: टोकदार काटा खळग्याच्या कडेला खुपसून माती बाहेरून आत ढकलायची, खालून वर उचकटायची नाही, मग पटरने थोपटायचं. नवख्याला हे काम आवडतं. फटका जमत नसला तरी हे नीट जमतं.

आणि शेवटचा पुट त्याला घालू द्या. "दिला, उचल" म्हणून तुम्ही औदार्य दाखवाल, पण बॉल होलमध्ये पडल्याचा जो टक्क आवाज येतो तो ऐकायला तर तो आलाय. होलचा व्यास फक्त १०८ मिलिमीटर आहे. दोन फुटांवरून चुकला तर हसेल, पण आत गेला तर पुढच्या टीकडे त्याची चाल बदललेली दिसेल. येरवड्याला नेमकं अशा वेळी लोहगावचं विमान डोक्यावरून जातं. विमान गेल्यावर मारू द्या.

सल्ला, चहा आणि वीज

सल्ला त्याने विचारला तरच, आणि एका वेळी एकच. सगळ्यांत बिनधोक म्हणजे "काठी सैल धर". चुकून चुकीच्या वेळी दिला तरी त्याने नुकसान होत नाही. माहिती मात्र हवी तेवढी द्या: पुढे नाला आहे, ग्रीन उजवीकडे उतरतं, अजून शंभर यार्ड आहेत.

पाणी त्याने मागायची वाट बघू नका, दर दोन होलला बाटली पुढे करा. खेळताना त्याने दोन होल नुसतं चालायचं म्हटलं तर चालू द्या, पटर तेवढा हातात असू द्या.

मे अखेरीस किंवा परतीच्या पावसात गडगडायला लागलं तर सायरनची वाट बघू नका. विजेचा धोका वाटला तर खेळ थांबवायची मुभा नियमानेच दिलेली आहे. काठ्या खाली, एकट्या झाडापासून लांब, सरळ क्लबहाऊसकडे.

राउंड संपल्यावर

शेवटच्या ग्रीनवर टोपी काढून हात मिळवा, कॅडीशीही. कॅडीचे पैसे त्याच्या हातात द्या, धन्यवाद म्हणा. मग चहा-ऑम्लेट.

टेबलावर त्याच्या फटक्यांची उजळणी करू नका. तो स्वतःच एखाद्या फटक्याबद्दल बोलेल, बहुधा सातव्या होलच्या एकाच फटक्याबद्दल, आणि चार वेळा बोलेल. ऐकून घ्या. स्कोअर विचारला तर सांगा, आणि हँडिकॅपची व्यवस्था ५४ पर्यंत जाते हेही सांगा. म्हणजे अठरा होलना प्रत्येकी तीन फटके जास्त. त्याच्यासारख्यांसाठी जागा मुळातच ठेवलेली आहे.

सेट घ्यायचा म्हणाला तर लगेच दुकानात नेऊ नका. आधी कोचकडे पाच-सहा वेळा जाऊ दे. तोवर ग्लोव्ह आणि बूट नवे घ्यायला हरकत नाही, काठ्या भाड्याच्या. त्यानंतरही उत्साह टिकला तर कोणाचा तरी जुना अर्धा सेट बघा. क्लबच्या सूचनाफलकावर आणि कॅडीमास्टरकडे चौकशी केली की बहुधा मिळतो. घेण्याआधी दांड्याची लांबी त्याच्या उंचीला जुळते का आणि रबराची मूठ गुळगुळीत झालेली नाही ना, एवढं हातात धरून बघा. मूठ बदलून मिळते, दांडा सहसा कोणी बदलत बसत नाही.